दुसऱ्या रांगेचा श्वास

कोल्हापूरहून परतल्यावर वाईतील स्नेह्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. अंबाबाईचे दर्शन कसे झाले, आणि तिथले तिखट सोसले का. दर्शन उत्तम झाले. तिखट दह्यात कालवून सोसले. परंतु ज्या गोष्टीने माझी झोप आणि जपातील एकाग्रता दोन्ही उडाली, तिच्याविषयी कोणी विचारले नाही. सत्तरी ओलांडलेला पाठशाळेतील मनुष्य त्या शहरात एका रुग्णालयाच्या वॉर्डात बसून होता, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. ते सांगावे म्हणून हे लिहायला घेतले. लिहिता लिहिता राग शमेल अशी माझी अपेक्षा होती. तो शमलेला नाही, हे वाचकांनी आरंभीच जाणून असावे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा माधव कोल्हापुरात छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. नव्वदचे दशक सरत आले होते; आमच्या घरी दूरध्वनी नव्हता, म्हणून त्याने शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला आणि मी चौकातल्या बूथवरून त्याच्याशी बोललो. त्याने जे सांगितले ते मला नवे होते. फासळी मोडलेला मनुष्य बहुधा फासळीने दगावत नाही. श्वास घेताना कळ येते म्हणून तो उथळ, तोकडा श्वास घेऊ लागतो, खोकला दाबतो, कफ आतच साचतो, आणि मग फुप्फुसाला सूज येऊन तो हातचा जातो. आमच्याकडे वेदपठणापूर्वी मुलांना श्वास लांबवायला शिकवतात, ते या रुग्णांना शिकवले तर उपयोग होतो का, हे माधवला तपासायचे होते.

"मामा, तुम्ही शिकवा, मी मोजतो," तो म्हणाला.

हे ऐकून मला झालेला आनंद मी लपवीत नाही. जी विद्या गुरूंकडून घेतली आणि आयुष्यभर ओसरीवर बसून चार मुलांना दिली, ती आजारी माणसाच्या उपयोगी पडेल, याहून मोठी कृतार्थता म्हातारपणी कोणती असणार. देवाला नमस्कार करून मी एस.टी.त बसलो.

गंगावेशीत

पहिल्याच संध्याकाळी माधवने मला दूध कट्ट्यावर नेले. हा प्रकार मी अन्यत्र पाहिलेला नाही. भर रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात, गिऱ्हाईक समोर उभे राहते, आणि धार काढून तिचा फेसाळ पेला तिथल्या तिथे हातात दिला जातो. आमच्याकडे दूध घरी येते, तापते, नैवेद्य होतो आणि मग माणसांच्या वाट्याला येते. इथे म्हैस आणि ओठ यांच्यामध्ये काहीच नसते.

परपात्र मला चालत नाही. मी पिशवीतून माझी लोटी काढली, तसा तो गवळी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पावणं, आमचा पेलाबी घासलेला हाय की."

"असेल. माझा नियम आहे."

"मग धरा की लोटी. म्हशीला काय, पेला न् लोटी सारखीच."

त्याने माझ्या लोटीतच धार सोडली. ती इतक्या जोराने आली की निम्मे दूध माझ्या उपरण्यावर उडाले, आणि म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. आजूबाजूचे लोक मनमोकळे हसले, मीही हसलो. मोठ्या आवाजाचे, आडपडदा न ठेवणारे हे शहर मला त्या क्षणी आवडले. जे द्यायचे ते डोळ्यांदेखत द्यायचे, ही इथली रीत आहे असे मी मनाशी म्हटले. रुग्णालयात गेल्यावर ती रीत कुठे गेली, याचा शोध मला पुढे पुष्कळ दिवस लागला नाही.

वॉर्डात

वॉर्ड लांबट होता. एका बाजूस खिडक्यांच्या कडेने खाटांची एक रांग, समोर भिंतीच्या कडेने दुसरी, आणि मधून जाण्यायेण्याची वाट. छातीला मार लागलेले पुरुष इथे होते. माधवने मला खिडकीकडच्या रांगेपाशी बसवले. रोज सकाळी स्नानसंध्या आटोपून मी तिथे जाई आणि एकेका खाटेपाशी बसून शिकवी.

पाठ तीन भागांचा होता. पहिला भाग समजुतीचा : छाती आवळून बांधू नये, कारण बांधलेली छाती फुलत नाही आणि न फुललेले फुप्फुस कुजत जाते. दुसरा भाग खोकल्याचा : उशी छातीशी घट्ट धरावी, म्हणजे कळ कमी येते, आणि मग न भिता खोकून कफ बाहेर काढावा. हे दोन्ही भाग माधवने मला शिकवले होते. तिसरा भाग माझा : पाठ टेकून बसावे, नाकाने सावकाश श्वास भरावा, क्षणभर थांबावे, आणि भुंग्यासारखा बारीक नाद करीत तो सोडावा.

माझा पहिला शिष्य तुकाराम नावाचा रिक्षावाला होता. कळंब्याच्या तलावाकडून येताना आडव्या आलेल्या म्हशीला चुकवण्याच्या नादात त्याची रिक्षा उलटली होती.

"गुरुजी, श्वास घेतला की आत कुनीतरी चिमटा काढतंय," तो म्हणाला.

"काढू द्या. चिमट्याच्या भीतीने दार बंद करू नका."

"बंद कुठलं करतोय. बायकोचं बोलनं सोसलं, ह्यो चिमटा काय जड हाय."

त्याची बायको डब्यातून भात काढीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "म्हशीला हुकवायला गेलता. माझ्यासाठी कवा ब्रेक दाबला न्हाय."

अशी ती रांग होती. कण्हत असे, पण हसतही असे. मी जरा मोठ्याने शिकवतो. आयुष्यभर तशीच सवय आहे. पाठ म्हणजे उच्चार, आणि उच्चार म्हणजे तो शेवटच्या मुलापर्यंत पोहोचला पाहिजे.

तुकारामच्या बरोबर समोर, भिंतीकडच्या रांगेत, इराप्पा होता. शिरोळकडचा लिंगायत शेतकरी, चाळिशीचा, अंगाने भक्कम. उसाची ट्रॉली मागे घेताना तो तिच्या आणि झाडाच्या मध्ये सापडला होता. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती, आणि ती ज्या छातीवर विसावलेली असे ती छाती हलताना मला दिसत नसे. चिमणीच्या छातीइतकाच श्वास तो घेई. त्याची बायको गंगव्वा खाटेपाशी खाली बसलेली असे. मी शिकवू लागलो की ती पदर सावरून माझ्याकडे एकटक पाही.

माधवने मला आरंभीच बजावले होते, "मामा, भिंतीकडच्या रांगेशी याविषयी बोलू नका." त्या रांगेला दुसरा कोणी काही वेगळे शिकवीत असेल, असे मी गृहीत धरले. मोठ्या कामात प्रत्येकाने आपला वाटा सांभाळावा, हे मला मान्य आहे.

मग एके दिवशी त्याने मला बाजूला घेतले आणि अतिशय मृदू स्वरात सांगितले, "मामा, आवाज थोडा खाली ठेवाल का? समोर ऐकू जाते आहे."

"ऐकू गेले तर काय बिघडले?"

"त्यांना शिकवायचे नाही आहे."

मला क्षणभर अर्थच लागला नाही. नंतर त्याच्या खोलीत बसून त्याने सगळे उलगडून सांगितले. रुग्ण आला की चिठ्ठी काढली जाते. एक चिठ्ठी निघाली तर खिडकीकडची रांग. दुसरी निघाली तर भिंतीकडची. वेदनेच्या गोळ्या, सलाईन, तपासण्या दोन्हींना सारख्याच. शिकवणे फक्त खिडकीकडे. शेवटी कोणत्या रांगेत किती जणांना फुप्फुसाची सूज आली ते मोजायचे.

"मामा, तुमचा श्वास उपयोगी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "न शिकवलेले लोकही तितकेच बरे होत असतील, तर तुमचे शिकवणे निष्फळ. दोन रांगांशिवाय हे कळणार कसे? आणि कळले तर देशभर शिकवता येईल."

युक्तिवाद निर्दोष होता. शास्त्राच्या सभेत बसलेल्या माणसाला चांगला युक्तिवाद ओळखू येतो आणि त्याचा आदरही वाटतो. मी विचारले, "भिंतीकडच्यांना हे ठाऊक आहे का?"

"दाखल करताना सही घेतली आहे, अंगठे घेतले आहेत."

"मी तसे विचारले नाही. त्यांना ठाऊक आहे का?"

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाला, "वाचून दाखवले होते. किती कळले असेल, सांगता येत नाही."

"माधव, आपल्याकडे वादसभेत पूर्वपक्षालाही आसन देतात. आपल्यावर काय सिद्ध होणार आहे हे त्याला माहीत असते. त्याला भिंतीकडे बसवून, समोरचा पाठ त्याच्या कानी पडू नये म्हणून गुरूला कुजबुजायला सांगत नाहीत."

तो हसून म्हणाला, "मामा, ही वादसभा नाही."

हेच तर मी सांगत होतो.

गाठ

दुसऱ्या दिवशी मी खालच्या आवाजात शिकवले. हे लिहिताना लेखणी जड होते, पण शिकवले. तुकाराम दोनदा म्हणाला, "काय बोलताय गुरुजी, आयकू येईना." समोर गंगव्वा गुडघ्यांवर पुढे सरकून कान देत होती.

त्याच दुपारी इराप्पाला कूस बदलायला मदत करताना त्याचा सदरा वर गेला, आणि मला दिसले की त्याच्या छातीभोवती लुगड्याची पट्टी आवळून बांधलेली आहे. काखेखाली घट्ट गाठ होती आणि लिंगाची डबीसुद्धा त्या पट्टीखाली दबली होती. मी तडक परिचारिकेला बोलावले. तिने कपाळावर हात मारला.

"परत बांधली व्हय. अहो गुरुजी, ह्यांच्या गावच्या हाडवैद्यानं पहिल्या दिवशी बांधून धाडलं होतं. आम्ही सोडली. बाई परत बांधती. परवा सोडली, आज परत."

"तिला कारण सांगितले का? बांधल्याने श्वास कोंडतो, असे?"

परिचारिका अवघडली. "सोडायचं ते उपचारात येतंय. कारण सांगायचं ते शिकवन्यात येतंय. ते आम्हाला ह्या रांगेला सांगायचं न्हाय, सर म्हनलेत."

मी हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा उच्चारून पाहिले. सोडणे हा उपचार, आणि का सोडले हे सांगणे ही शिकवण. माणसाची गाठ सोडायची, पण ती पुन्हा बांधली जाऊ नये एवढे ज्ञान चिठ्ठीप्रमाणे वाटायचे. विद्या दुर्मीळ असते, महाग असते, कधी कधी ती अधिकारी शिष्यालाच द्यावी असेही आम्ही ऐकले आहे. परंतु एका खाटेच्या अंतरावर, मरणाच्या वाटेवरच्या माणसाला, समोर बसून ती नाकारायची आणि त्यालाच ज्ञानाची उपासना म्हणायचे, हे माझ्या पाहण्यात कधी आले नव्हते.

बाहेर व्हरांड्यातल्या नळावर गंगव्वा ताट धूत होती. मी तिच्यापाशी गेलो आणि विचारले, "बाई, पट्टी तुम्ही बांधता?"

"मग कोन बांधनार? मोडलेलं बांधायचं न्हाय तर काय सोडायचं?" ती म्हणाली. "वैद्य म्हनला, दम धरून ऱ्हा, लांब श्वास घेतलास तर हाड सरकंल. त्यो तसाच पडलाय बघा, श्वास धरून. शाना मानूस हाय, सांगितलेलं ऐकतोय."

ऐकतो, म्हणूनच मरणार होता. त्याच्या ओठांचा निळसर रंग मी सकाळीच पाहिला होता.

मी काही बोललो नाही. बोलायचे नाही असे मी कबूल केले होते. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग ताट पालथे ठेवून तिने सरळ विचारले.

"अज्जा, तुमी तिकडच्यांस्नी काय सांगताय ते आमास्नी का सांगत न्हाय? काल मोठ्यानं सांगत हुता, आज कुजबुजताय. आमी काय केलंय?"

"तशी पद्धत आहे," मी म्हणालो. याहून लाजिरवाणे उत्तर मी आयुष्यात दिलेले नाही.

तिचा आवाज चढला नाही. "आमच्या आज्जीच्या आज्जीला तुमच्या लोकांनी देवाचं बोल ऐकू दिलं न्हाईत. म्हनून आमच्या मानसांनी आपला देव आपल्या गळ्यात बांदला. ठीक हाय, ते झालं. आता श्वासबी ऐकू द्यायचा न्हाय व्हय?"

नळ वाहत होता. तिने तो बंद केला आणि ती आत गेली.

पंचगंगेवर

पहाटे मी पंचगंगेच्या घाटावर स्नानाला गेलो. थंडी होती, पाण्यावरून वाफ उठत होती. पाण्यात पोहणारी मंडळी एकमेकांना मोठमोठ्याने हाका मारीत होती. आमच्या कृष्णेच्या घाटावर त्या वेळी एवढा आवाज कोणी केला तर वडीलधारे दटावतील. इथे कोणाला त्याचे काही नव्हते.

संध्या करताना मला प्राणायामासाठी नाक धरता येईना. जो श्वास मी रोज देवाची ठेव म्हणून मोजून घेतो आणि सोडतो, तो त्या दिवशी मला चोरीचा वाटला. तिथून अंबाबाईच्या दर्शनाला गेलो. गर्दी बेताची होती. आईपाशी काही मागावे अशी माझी वृत्ती नाही. तरी त्या दिवशी म्हटले, मला क्षमा नको, मला धीर दे.

धीर घेऊन मी थेट माधवच्या खोलीत गेलो.

"इराप्पाला या मोजणीतून बाहेर काढ."

"मामा, असे मधेच काढता येत नाही. चिठ्ठी निघाली की निघाली. आपल्याला दया आली त्याला काढायचे आणि नाही आली त्याला ठेवायचे, तर अभ्यास राहीलच कुठे?"

"त्याचे ओठ पाहिलेस?"

"पाहिले. कालपासून ऑक्सिजन वाढवला आहे, औषध बदलले आहे. मी त्याला टाकलेले नाही, मामा." त्याच्या डोळ्यांखाली काळे पडले होते. तोही रात्री झोपला नव्हता, हे मी नाकारत नाही. "जे जे करता येते ते सगळे मी करतो आहे."

"एक सोडून."

तो उठून खिडकीपाशी गेला. मग, कायद्याचे एखादे कलम वाचून दाखवावे तसे, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी त्याला काढू शकत नाही. तो स्वतः बाहेर पडू शकतो. कोणीही, कधीही. कारण द्यावे लागत नाही, उपचारही थांबत नाहीत. तसा नियमच आहे."

"हे त्यांना कोणी सांगितले?"

"सहीच्या वेळी सांगितले होते."

"सहीच्या वेळी ते फासळी धरून ओरडत होते," मी म्हणालो आणि उठलो.

तो मागून म्हणाला, "मामा, शिकवणी त्यांना सांगू नका." मी दारात थांबलो. "बाहेर पडता येते, हे शिकवणीत येत नाही," मी म्हटले आणि वॉर्डाकडे निघालो. त्याने मला वाट दाखवली होती की नकळत त्याच्या तोंडून निघून गेले होते, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

पुन्हा वॉर्डात

मी गंगव्वाला एवढेच सांगितले : तुमच्या माणसाचा अंगठा एका पाहणीसाठी घेतला आहे, तिच्यात राहायचे की नाही हे तुमच्या हाती आहे, नाही म्हटलेत तरी औषधपाणी चालूच राहील.

"आन न्हाय म्हटलं की तुमी बोलनार?"

"मोठ्याने."

डॉक्टरांची फेरी आली तेव्हा ती खाटेपाशी उभी राहिली. माधव, त्याच्यामागे दोन तरुण डॉक्टर, परिचारिका. गंगव्वाने पदर डोक्यावर घेतला, पण मान खाली घातली नाही.

"डॉक्टर, आमाला ह्यात ऱ्हायचं न्हाय."

"कशात?" तरुण डॉक्टरांपैकी एकाने विचारले.

"तुमच्या मोजन्यात. कारन सांगायला लागत न्हाय म्हनं, म्हनून सांगत न्हाय."

खिडकीकडून तुकाराम म्हणाला, "वहिनी, झकास बोललासा." त्याच्या बायकोने त्याला गप्प केले.

माधवने मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे वळला. मी स्टूल उचलले, मधली वाट ओलांडली, आणि इराप्पाच्या उशाशी बसलो. एवढ्याशा रुंदीची वाट ओलांडायला मला इतके दिवस लागले होते.

आधी पट्टी सोडली. सोडताना गंगव्वाला कारण सांगितले. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मला पाहवले नाही. "म्हंजी मीच आवळत हुते व्हय त्येला," ती म्हणाली. मी तिला सांगितले की तुम्हाला कोणी सांगितले नाही. दोष न सांगणाऱ्यांचा आहे. तिने ती पट्टी घडी करून पिशवीच्या तळाशी टाकली.

मग उशी दिली. इराप्पाला खोकायचे नव्हते. हाड सरकेल, हे त्याच्या मनात पक्के बसले होते. "सरकनार न्हाय," गंगव्वा त्याला म्हणाली आणि पुढे कन्नडमध्ये काही बोलली. सूर दटावणीचा होता. त्याने उशी कवटाळली आणि खोकला. एवढा भक्कम माणूस लहान मुलासारखा रडला. परंतु कफ सुटला. त्यानंतर मी त्याला श्वास शिकवला. माझ्या नेहमीच्या आवाजात, शेवटच्या मुलापर्यंत पोहोचेल अशा.

तो आवाज अर्थातच भिंतीकडच्या सगळ्या रांगेला ऐकू गेला. संध्याकाळी शेजारच्या खाटेवरचा म्हातारा परिचारिकेला म्हणाला, "मलाबी ऱ्हायचं न्हाय." सकाळपर्यंत ती अवघी रांग बाहेर पडली होती. भिंतीकडे मोजायला कोणी उरले नाही.

माधवने मला घरी जेवताना सांगितले. आवाजात संताप नव्हता. असता तर बरे झाले असते. "मामा, तुम्ही माझी दोन वर्षांची तयारी बुडवलीत. आणि आता तुमचा श्वास उपयोगी आहे की नाही, हे कोणालाच कळणार नाही. तुम्हालाही नाही."

खानावळीच्या डब्यातली लालभडक आमटी समोर होती. मी तिच्यात दही घालायचे विसरलो. डोळ्यांत पाणी आले ते तिखटाचेच होते, असे मी त्याला सांगितले.

शिरोळच्या वाटेवर

इराप्पा बरा झाला. तो घरी गेल्यावर गंगव्वाने निरोप धाडला की जेवल्याशिवाय अज्जाने वाईला जायचे नाही. माधवही आला, इराप्पाची छाती त्याला एकदा ऐकायची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस होता, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरांना वाट देण्यासाठी आमची बस पुन्हा पुन्हा कडेला उभी राहत होती. काळीभोर, ओलसर जमीन. नदी दिसत नाही, पण तिचा गारवा जाणवतो. गुऱ्हाळाच्या धुराने हवा गोड झाली होती.

ओसरीवर इराप्पा स्नान करून बसला होता. तळहातावर लिंग ठेवून त्याची पूजा चालली होती. आम्ही उभे राहिलो. पूजा होईपर्यंत कोणी आम्हाला बसा म्हणाले नाही, आणि ते मला योग्य वाटले. माझ्या घरीही पूजेला बसलेला मनुष्य पाहुण्यासाठी उठत नाही. पूजा आटोपून त्याने लिंग डबीत ठेवले, डबी छातीवर सोडली, आणि एक लांब श्वास घेतला. डबी वर उचलली गेली आणि सावकाश खाली आली. मी ती पाहत राहिलो.

शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी आणि गूळ असे जेवण होते. परपात्राविषयीचा माझा नियम वाचकांना एव्हाना ठाऊक आहे. गंगव्वाला तो माहीत नव्हता, आणि मी तो तिला सांगितला नाही.

जेवताना मी तिला म्हणालो, "बाई, तुमचा माणूस माझ्या शिकवण्याने उठला की माधवच्या औषधाने, हे मला खरोखर ठाऊक नाही."

"नसंना का ठाऊक," ती म्हणाली. "त्यो उठला. भाकरी घ्या."

माधवने इराप्पाची छाती पुढून-मागून ऐकली आणि समाधानाने नळी गळ्यात अडकवली. मग तो मला म्हणाला, "मामा, माझी चूक माझ्या लक्षात आली आहे. मी अभ्यास पुन्हा मांडणार आहे." माझे मन भरून आले. भाकरीचा घास हातात राहिला. तो पुढे म्हणाला, "बांधू नका, हे सगळ्यांना सांगायचे, तेवढे मी मान्य केले आहे. पण दोन्ही रांगा एका वॉर्डात ठेवायला नको होत्या. या वेळी दुसरी रांग मागच्या इमारतीत ठेवतो. तिथे तुमचा आवाज पोहोचणार नाही."

गंगव्वा वाढता वाढता थांबली.

"आन तितल्या मानसांस्नी श्वासाचं कोन सांगनार?"

"तेच तर तपासायचे आहे, वहिनी."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. इराप्पाचा हात छातीवरच्या डबीवर गेला होता. कोणीतरी गुऱ्हाळाकडे हाक मारीत गेले.

माधव मला म्हणाला, "मामा, शिकवायला तुम्हीच याल ना? तुमच्याइतके नेटके कोणी शिकवीत नाही."

मी हातातला घास संपवला, पाणी घेतले, आणि म्हणालो, "येईन. पण मी मागच्या इमारतीत बसेन."

माधव हसला. मी थट्टा करीत नव्हतो.